ऑर्लिनच्या हातची पुडकी

८ जानेवारी १९७९, सोमवार. उणे एकोणीस फॅरनहाइट, वारा वायव्येचा.

बियाणं कंपनीची डायरी यंदाही ऑर्लिन हेगस्टाडच्या नावाने टपालाने आली. त्यांना कोण कळवणार? सदतीस वर्षं तो या डायरीत रोज पारा आणि वारा लिहायचा, आणि गाय व्यायली तर गाय. त्याच्या बायकोचं, म्हणजे माझं, नाव इतक्या वर्षांत दोनदा आलंय. एकदा ब्रिटा झाली तेव्हा आणि एकदा मी ट्रॅक्टर खंदकात घातला तेव्हा. यंदा डायरी कोरी ठेवणं जिवावर आलं, म्हणून मी लिहायला बसले.

त्याला जाऊन पाच आठवडे झाले. शेडमध्ये गुरांना चारा घालत होता, तिथेच छाती धरून बसला तो उठलाच नाही.

एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही, ती इथे लिहिते. माझं अंग दुखत नाही. पंधरा वर्षं दुखत होतं. खांदे, कंबर, मांड्या, बोटांची पेरं. सकाळी पलंगावरून उतरायला अर्धा तास लागायचा, केस विंचरायला हात वर जायचा नाही. आमचे म्हातारे डॉक्टर म्हणायचे, "तुमच्या वयाच्या बायकांचं असंच असतं, जरा मन रमवा." मी रमवलं. गोधड्या शिवून शिवून रमवलं, आणि बोटं आणखी सुजली. मग गेल्या वसंतात दुखणं आपोआप ओसरायला लागलं, आणि त्याच महिन्यात ऑर्लिन उतरायला लागला. वाळला, हात कापायला लागले, भर थंडीत शर्ट घामाने ओला. मी जसजशी सुटत गेले तसतसा तो अडकत गेला. त्याने माझं दुखणं स्वतःवर घेतलं, असं मला वाटतं. वाटतं कसलं, मला ठाऊक आहे.

१३ जानेवारी. उणे बावीस.

गुड्रुन आली होती. माझी नणंद, ऑर्लिनहून चार वर्षांनी मोठी, अजून स्वतः गाडी चालवते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालवते. कॉफी पिताना धीर करून तिला दुखण्याचं सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही.

"अगं, तो लहानपणापासून तसाच. माझी दुधाची बादली हातातून ओढून घ्यायचा. देवाने विचारलं असेल, हिचं कोण घेतो, तर या वेड्याने हात वर केला असेल."

"मग मी आता काय करू?"

"काय करणार? बरी राहा. त्याने एवढं केलंय तर निदान नीट चाल तरी."

ती गेल्यावर बीटच्या लोणच्याची बरणी काढली. पंधरा वर्षं माझ्या बरण्या ऑर्लिन उघडायचा. गेल्या मेमध्ये मी पहिल्यांदा स्वतः उघडली, तेव्हा हा दारात उभा. म्हणाला, "झालं! आता माझं काय काम?" आज झाकण एका हिसक्यात सुटलं आणि तेच वाक्य मागून ऐकू आलं. वळून पाहिलं नाही. पाहिलं तर बोलायचा थांबेल अशी भीती वाटली.

२० जानेवारी.

तळघरातला डीप फ्रीझर आवरला. ऑर्लिनच्या हातची पुडकी अजून साठ-सत्तर आहेत. पांढऱ्या कागदात घट्ट बांधलेली, त्यावर मेणाच्या निळ्या पेन्सिलीने त्याचं टपोरं अक्षर. 'मान, नोव्हें. ७८.' 

तो तीस वर्षं गावातल्या खाटीकखान्यात कामाला होता. तिथल्या मालकाचा दंडक असा, की जबड्याखालचं, श्वासनळीच्या अंगाने असलेलं सगळं पिंपात टाकायचं. निवृत्त झाल्यावर ऑर्लिन शेजाऱ्यांची गुरं त्यांच्याच अंगणात कापून द्यायला लागला, आणि तिथेही तसंच टाकायचा. मागच्या हिवाळ्यात मीच एकदा म्हटलं, "इतकं चांगलं मांस फेकतोस? त्यात काय विष आहे?" त्याला ते पटलं. तेव्हापासून कापण्याची मजुरी म्हणून बादलीभर मानेचं मांस घरी यायचं, आणि आम्ही दोघं मिळून त्याचा खिमा करायचो. तसा मऊ खिमा मी कुठे खाल्ला नाही.

पुडकं उघडताना मी अक्षर फाटू देत नाही. कागद धुऊन खणात ठेवते. वेडेपणा आहे.

२८ जानेवारी, रविवार. उणे पाच, बर्फ.

ब्रिटा आली. गावच्या शाळेतली एक बाई बाळंतपणाला गेली, तिच्या जागी मे महिन्यापर्यंत शिकवणार. खरं कारण मी एकटी आहे हे आहे, पण तसं म्हणणार नाही. चौतीस वर्षांची झाली, अजून बूट दारात आडवे टाकते.

रात्रीच्या जेवणाला हॉटडिश केली. खिमा, नूडल्स, डब्यातलं मशरूमचं सूप, वर चीज, तासभर ओव्हनमध्ये. तिने एकदा घेतली आणि हात आडवा केला.

"बस, आई."

"घे गं."

"नको."

"एवढीशी."

"नको, खरंच."

तीनदा झालं, मग मी वाढलं आणि तिने खाल्लं. आमच्यात असंच. तीनदा नको म्हटल्याशिवाय कुणी कॉफीसुद्धा घेत नाही, आणि तीनदा आग्रह केला नाही तर पाहुणा उपाशी घरी जातो आणि वर्षभर बोलून दाखवतो. शहरात राहून मुलगी हे विसरली नाही, बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी. उणे अकरा.

पोरीच्या अंगात काय संचारलंय कोण जाणे. शाळेतून येते ती कामाला लागते. आठवड्यात तळघर, माळा आणि ऑर्लिनची हत्यारांची खोली आवरून झाली. भराभर बोलते, वाक्य पुरं करत नाही. खिडक्या उघड्या टाकते, म्हणते उकडतंय. बाहेर दूध ठेवलं तर गोठतंय आणि हिला उकडतंय!

मला मात्र छान वाटतंय. आज केसांची वेणी घातली, मागून, आरशाशिवाय.

२८ फेब्रुवारी, बुधवार. राखेचा बुधवार.

आज सकाळी ब्रिटाने कप उचलला आणि तो बशीवर वाजला. टकटकटक. मी सिंकपाशी उभी होते, माझी पाठ होती. वाटलं ऑर्लिन बसलाय. हुबेहूब तोच आवाज. वळले तर तिची बोटं कापत होती आणि तिने ती पटकन मांडीवर लपवली, तीही त्याच्यासारखीच.

"किती दिवस होतंय हे?"

"काही नाही गं. कॉफी जास्त झाली."

त्यानेही कॉफीवरच ढकललं होतं.

तिचा स्कर्ट पिन लावून बसवलाय. गालफडं दिसायला लागलीत. माझ्या बरं असण्याची किंमत कुणीतरी भरतंय. आधी त्याने भरली, आता तो गेल्यावर पाळी हिच्यावर आली. मला हे नको. माझं दुखणं मला परत द्या.

चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेताना मनाशी ठरवलं, ईस्टरपर्यंत मांस सोडायचं. ऑर्लिनला सांगितलं, "बघ, मी तुझ्या हातचंही खाणार नाही. तू पोरीला सोड." गुड्रुनला कळलं तर म्हणेल, आपल्यात उपास नसतात, कॅथलिक झालीस का. म्हणू दे.

माझ्या वाटणीचं ब्रिटाच्या ताटात जाईल. तिला अंग धरायला हवं.

११ मार्च, रविवार. तेहेतीस, छपरावरून पाणी ठिबकतंय.

गुड्रुन जेवायला होती. ब्रिटाला बघून तिचा चमचा हवेत राहिला. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाली, "आर्डिस, ही तर नोव्हेंबरातला ऑर्लिन दिसतेय. डोळेसुद्धा तसेच पुढे आलेत."

"मी तिला दुप्पट वाढते. तरी वाळतेय."

"त्यालाही तू दुप्पट वाढायचीस."

"मग काय उपाशी ठेवू?"

"तसं कोण म्हणतंय? तुझ्या हातचं खाऊन कुणी उपाशी मेलंय का?" ऑर्लिन एकटा जेवायला कधी बसायचा नाही, त्याला सोबत लागायची, असं जाताना गाडीच्या काचेतून बोलली. हे मला कशाला सांगायचं होतं? दिवसभर तेच घोळतंय.

२४ मार्च.

दुखणं आलं!

गेले काही दिवस पोटऱ्या जड वाटत होत्या, आज सकाळी खांदे धरले. हात वर गेला नाही. पलंगाच्या काठावर बसून रडले, आणि आनंदाने रडले हे इथे लिहायला लाज वाटत नाही. सौदा मान्य झाला. आता पोर सुटेल.

जेवताना ती नको म्हणाली. मी आग्रह केला. पुन्हा नको. चार वेळा म्हणाली. मी हसून म्हटलं, "बाई, तू आता पाहुणी झालीस का?" ऑर्लिनलाही शेवटी शेवटी हेच म्हणायची. ती हसली नाही, पण खाल्लं.

३ एप्रिल, मंगळवार.

ब्रिटा वर्गात फळ्यापाशी कोसळली. हृदय मिनिटाला एकशे सत्तर आणि तेही वेडंवाकडं. शहरातल्या इस्पितळात आहे. मी तिथेच आहे. हा कागद परिचारिकेकडून मागून घेतला, नंतर डायरीत चिकटवीन.

ऑर्लिन, तू खोटारडा आहेस. मी माझं परत घेतलं होतं ना.

५ एप्रिल.

आमच्या गावच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर फेल्डर मुद्दाम पन्नास मैल येऊन भेटला. पूर्वेकडचा आहे, पायात कापडी बूट, टाय नाही. ब्रिटाचा जीव वाचला, हृदय औषधाने ताळ्यावर आलंय. मग खुर्ची ओढून बसला आणि मला विचारतो, "मिसेस हेगस्टाड, तुमची मुलगी वजन उतरवायच्या गोळ्या घेते का?"

"माझी मुलगी? तिचं वजन उतरवायला गोळ्या कशाला हव्यात? तुम्ही पाहिलंत का तिला?"

"रागावू नका. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीराचा वेग ती ठरवते. ब्रिटाच्या रक्तात तिचं संप्रेरक तिपटीने आहे, पण तिची स्वतःची ग्रंथी मात्र झोपलेली आहे. म्हणजे ते बाहेरून येतंय. तोंडावाटे. काही लोक चोरून घेतात."

"आमच्यात कुणी चोरून काही घेत नाही. उघड घ्यायलासुद्धा तीनदा विचारावं लागतं."

तो हसला. मी हसले नाही. परतताना पायऱ्यांवर मला कठडा धरून उतरताना त्याने पाहिलं. "तुम्हाला कधीपासून दुखतंय?" त्याचं लक्ष होतं म्हणायचं. माझंही रक्त काढून घेतलं.

७ एप्रिल, शनिवार.

सगळं जसं झालं तसं लिहिते.

परवा फेल्डरशी तोडून बोलले याची चुटपुट लागली होती. पोरीचा जीव वाचवणाऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? फ्रीझरमधून चार पुडकी घेतली, वर लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, चळत ठेवली आणि दवाखान्यात गेले. त्याने दोनदा नको म्हटलं, मी पुढे ठेवलंच.

त्याने वरचं पुडकं उचललं, अक्षर वाचलं. "मान? मानेचा कुठला भाग?"

"सगळा. जबड्यापासून खाली. माझा नवरा काही वाया घालवायचा नाही."

"श्वासनळीवरची लालसर गाठ? दोन बाजूंना दोन, मऊ?"

"ती तर सगळ्यात मऊ. त्यानेच खिमा मऊ होतो."

त्याने पुडकं टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसला. मग म्हणाला, "मिसेस हेगस्टाड, तीच थायरॉईड. जनावराची. शिजवली तरी तिचा जोर जात नाही."

मी म्हटलं, पण मीही तेच खात होते, मला तर बरं वाटत होतं. तो म्हणाला, तेच. माझी ग्रंथी मेल्यात जमा आहे, कालच रक्ताचा अहवाल आला. पंधरा वर्षांचं दुखणं त्याचंच होतं. स्नायूंना ते संप्रेरक मिळालं नाही की ते आखडतात, सुजतात, दुखत राहतात. मन रमवून त्यात काही होणार नव्हतं. मला जे कमी पडत होतं ते ताटातून मिळत गेलं, आणि मांस सोडल्यावर संपलं. ज्याच्या अंगात ते पुरेसं आहे त्याच्यावर मात्र ते चढत जातं. वाळतो, कापतो, हृदय उधळतं.

"माझा नवरा," मी म्हटलं.

"त्यांना मी पाहिलं नव्हतं. खात्रीने सांगता येणार नाही."

"मला येतंय."

तो खाली बघत होता. मग हळूच विचारलं, "एवढं वाळल्यावर त्यांची भूक... ते कधी नको म्हणाले नाहीत?"

"म्हणायचा," मी म्हटलं. "रोज म्हणायचा."

१५ एप्रिल, ईस्टर. एक्कावन्न.

ब्रिटा घरी आली. अशक्त आहे, पण कप बशीवर वाजत नाही. चर्चला गेलो नाही. दोघींनी अंडी आणि बटाटे खाल्ले. मी एकदाही वाढू का विचारलं नाही. भांडं मध्ये ठेवलं आणि हात मांडीवर.

तिने विचारलं, "बाबांना माहीत होतं का?"

नव्हतं. त्याचा मालक टाकायला का लावायचा हे त्याने कधी विचारलं नाही आणि मालकालाही ते ठाऊक नसावं, त्याच्या बापाने लावलं म्हणून तो लावायचा. एका माणसाने सवयीने बरोबर केलं आणि मी शहाणपणाने चूक केली. 'त्यात काय विष आहे?' हे माझे शब्द आहेत.

२१ एप्रिल, शनिवार.

काही पुडकी सरकारी माणूस तपासायला घेऊन गेला. ज्या शेजाऱ्यांच्या गुरांचं ते मांस, त्यांना मी स्वतः फोन केले. त्यांच्याकडे मानेचं काही गेलं नव्हतं, सगळं आमच्याच घरी आलं होतं. बाकीची पुडकी आज शेडमागे पुरली. जमीन वरच्या वितीपुरती सैल झालीय, खाली दगड. मला फावडं धरवेना. गुड्रुनने खणलं, सहासष्ट वर्षांची बाई, शिव्या देत देत.

"अक्षर वरच्या बाजूला ठेवू का खाली?" तिने विचारलं.

"खाली."

तिने खाली ठेवलं. एकेक, नीट. मग फावड्यावर रेलून म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं, त्याने तुझं दुखणं घेतलं म्हणून. मूर्ख आहे मी."

मी तिला म्हणाले नाही, की त्या मूर्खपणात मला बरं वाटत होतं. त्याने स्वतःहून घेतलं, हे सोसता येत होतं.

२९ एप्रिल.

फेल्डरने दिलेली गोळ्यांची बाटली तीन आठवडे ओट्यावर आहे. कशाची म्हणून मी त्याला विचारलं होतं. तो अडखळला, मग खरं सांगितलं. तीच ग्रंथी, जनावरांची, वाळवून, तोलून. दाण्याएवढी. रोज सकाळी एक, जन्मभर. 

मी घेतलेली नाही. खांदे जळताहेत, काल मोजे घालायला ब्रिटाला बोलवावं लागलं. दुखू दे. हे तरी माझं आहे, आणि ते असलं की हिशोब सरळ वाटतो. शिवाय बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं आहे, मुलांच्या हाती लागू नये म्हणून. मला ते उघडतही नाही.

आज सकाळी ब्रिटाने ते उघडलं आणि गोळी बशीत ठेवून माझ्यापुढे सरकवली.

"घे, आई."

"नको."

"घे."

"नको म्हटलं ना."

"अगं, एवढीशी आहे."

"नको, ब्रिटा."

पुन्हा आग्रह करेल असं वाटलं. तिने केला नाही. बशीवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, हे जेवणाच्या टेबलावरचं नको आहे की खरं नको आहे? जे असेल ते मी ऐकेन."

सदतीस वर्षांत हे मी ऑर्लिनला एकदाही विचारलं नाही. एवढंच विचारायचं होतं. तो चौथ्यांदा नको म्हणायचा, ताटावर हात आडवा धरायचा, आणि मी त्या हाताच्या खालून वाढायचे आणि हसायचे.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. तिने थांबवलं नाही. मग मी म्हटलं, "टेबलावरचं." आणि घेतली.

२ जून, शनिवार. अठ्ठ्याहत्तर. वारा पडलाय.

ब्रिटा काल शहरात परत गेली. बूट दारात नाहीत. वजन पाच पौंड वाढलंय, तिने स्वतःच सांगितलं.

आज सकाळी केस विंचरायला हात वर गेला. दुपारी बीटच्या लोणच्याची बरणी काढली. झाकण एका हिसक्यात सुटलं.

मी तशीच उभी राहिले, बरणी हातात, दाराकडे पाठ करून. बराच वेळ थांबले. मागून कुणी काही बोललं नाही.